हवेवरचं घर

मराठी माणूस हवेविषयी जितकं बोलतो तितकं धान्याविषयीही बोलत नसेल. आपण महाबळेश्वरला हवा खायला जातो. डॉक्टर आपल्याला हवापालट सुचवतात. निवडणुका आल्या की कोणाची हवा आहे यावर आपण कपामागून कप चहा संपवतो, आणि शेजाऱ्याला बढती मिळाली की त्याच्या डोक्यात हवा गेली असं ठरवून मोकळे होतो. फक्त एका ठिकाणची हवा आपल्या बोलण्यात येत नाही. ती म्हणजे गाडीच्या चाकातली! कारण सोपं आहे. पेट्रोल पैसे मोजून घ्यावं लागतं, म्हणून आपण मीटरच्या आकड्यावर डोळे रोखून उभे राहतो. हवा फुकट मिळते, आणि फुकटच्या वस्तूचं माप कोण ठेवतो?

मी बोईसरला राहतो. बोईसर हे गावच मुळी चाकांवर चालतं. तारापूर औद्योगिक वसाहतीतून केमिकलचे टँकर, पोलादाचे ट्रेलर आणि कापडाचे टेम्पो निघतात, ते चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद हायवेवर चढतात. हा हायवे पूर्वी आठ नंबरचा होता, तो आता अठ्ठेचाळीस नंबरचा झाला. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळं निघून जिल्हा झालं. एवढे बदल झाले, पण रस्त्याकडेला झाडाला टांगलेला जुना टायर आणि त्याच्याखाली धडधडणारा कंप्रेसर, हे दृश्य होतं तसंच आहे. तो टायर म्हणजेच दुकानाची पाटी. वाचता न येणाऱ्यालाही ती वाचता येते.

या हवेकडे माझं लक्ष वेधलं ते आमच्या थोरल्या साडूंनी. साडू अमेरिकेत असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिकडे जवळजवळ घराएवढीच एक मोटार घेतली. तिला मोटरहोम म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं काही. आपल्याकडेही 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा लोकांना ही कल्पना फार नवी वाटली. मला नाही वाटली. ऊसतोडणीला निघालेली बैलगाडी कोणी पाहिली नाही काय? माणसं, अंथरुणं, चूल, पाण्याचा हंडा, आणि मागे बांधलेली शेळी! मोटरहोम यापेक्षा काय वेगळं असतं? शेळी नसते, एवढंच.

साडू बोईसरला आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी मला विचारलं, "काय हो, इथे टायरची हवा कधी तपासतात?"

"पंक्चर झालं की," मी म्हणालो.

साडू हसले नाहीत. मग मी त्यांना चिल्हार फाट्यावर घेऊन गेलो. तिथे एक ड्रायव्हर हातात लोखंडी टॉमी घेऊन ट्रकभोवती प्रदक्षिणा घालत होता आणि प्रत्येक चाकावर एक-एक टोला हाणत होता. साडूंनी कारण विचारलं.

"आवाजावरून कळतं, साहेब. ठण् वाजलं की भरलेलं. भद् वाजलं की बसलेलं."

"पण ठण् म्हणजे नव्वद पौंड की एकशेदहा?"

ड्रायव्हरने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ठण् म्हणजे ठण्," तो म्हणाला.

या ठण्च्या मागे पावणेदोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. त्याच्या आधी चाकात हवा नव्हतीच, चाकाला धाव होती. लोहार लोखंडाचं कडं लालबुंद तापवायचा, ते प्रसरण पावलं की लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. कडं आकसून चाकाला असं आवळून बसे की पुन्हा पाहायला नको. त्या चाकाला दाब नव्हता, व्हॉल्व नव्हता, पंक्चर नव्हतं. फक्त गाडीत बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची.

त्या हाडांची दया प्रथम रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाला आली. 1845 साली त्याने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचं वेष्टन. लंडनच्या रस्त्यांवर ही चाकं लावलेल्या घोडागाड्या आवाज न करता धावल्या. चाकांचा एक संच तर बाराशे मैल टिकला. लोकांनी कौतुक केलं आणि नेहमीप्रमाणे विसरून गेले. पुढे 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तोच शोध पुन्हा लावला. हा गृहस्थ होता जनावरांचा डॉक्टर! दोन वर्षांनी कळलं की थॉमसनने हे आधीच करून ठेवलंय, आणि डनलॉपचं पेटंट रद्दबातल ठरलं. पण नाव डनलॉपचंच राहिलं. इतकं राहिलं की आपल्या ऊस पिकवणाऱ्या गावांत हवेच्या चाकांच्या बैलगाडीला 'डनलॉप' म्हणू लागले. जनावरांच्या डॉक्टरचं नाव शेवटी बैलांपर्यंत पोचलं, यात न्याय आहे.

मोटारीला हवा भरण्याचं धाडस फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी केलं. 1895 सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत, सुमारे पावणेबाराशे किलोमीटर, ते हवेच्या टायरांची मोटार घेऊन उतरले. वाटेत इतकी पंक्चरं झाली की शर्यत जिंकण्याचा प्रश्नच आला नाही. पण मोटार हवेवर चालू शकते, हे जगाला दिसलं. पुढे 1908 मध्ये त्यांनी जड गाड्यांसाठी एका बाजूला दोन-दोन चाकं जोडण्याची युक्ती काढली. आज हायवेवरच्या ट्रकला मागे जी जोडीची चाकं दिसतात, ती तिथून आली.

पंक्चरवरचा उतारा मात्र वेल्समधून आला. लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये जादा चाक विकायला काढलं. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. खुद्द इंग्रजांनी हा शब्द केव्हाच टाकून दिला. आपण तो जपला. बोईसरच्या कुठल्याही गॅरेजात 'स्टेपनी काढ रे' म्हणा, पोऱ्या बरोबर चाकच आणील. वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव आपण रोज घेतो याचा त्याला पत्ताही नसतो.

आता गंमत पाहा. एवढे सगळे शोध लागले, पण गाडीचं वजन कोण पेलतं हे विचारलं तर दहापैकी नऊजण सांगतील, रबर. रबर नव्हे, हवा! रबर ही नुसती पिशवी. साधी मोटार बाराशे किलोची धरली तर एका चाकावर तीनशे किलो येतात. बत्तीस पौंड दाबाची हवा ते पेलायला जमिनीवर साधारण पोस्टकार्डाएवढी जागा टेकवते. म्हणजे आपण, आपली बायको, मुलं आणि डिकीतली आंब्याची पेटी, सगळे मिळून चार पोस्टकार्डांवर पालघरहून मुंबईला जातो.

मोटरहोमचं किंवा ट्रकचं वजन याच्या दहा-वीस पट, म्हणून त्यांच्या चाकांत शंभर-एकशेदहा पौंडांचा दाब. हा आकडा किती मोठा, ते आम्हा तारापूरकरांना चटकन कळावं. 1969 साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. असल्या भट्टीत दाब असतो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सत्तर पट. ट्रकच्या टायरात असतो साडेसात पट. म्हणजे अणुभट्टीच्या दाबाचा एक दशांश आपल्या स्कूटरशेजारून रोज धडधडत जातो! भट्टीच्या दाबावर रात्रंदिवस नजर ठेवायला तज्ज्ञ माणसं बसवतात. ट्रकच्या दाबावर नजर ठेवते टॉमी.

आणि टॉमीला एकशेदहा आणि ऐंशी यांतला फरक कळत नाही, कानालाही नाही. त्यातून जोडीच्या चाकांत आतलं चाक बसलं तर बाहेरचं त्याचं ओझं मुकाट्याने उचलतं. एकत्र कुटुंबात एक भाऊ कामाला लागतो आणि दुसरा ओटीवर बसतो, बाहेरून घर मात्र उभं दिसतं, तसं! बसलेलं चाक प्रत्येक फेऱ्यात चेपतं आणि फुगतं, त्याने तापतं. जास्तीचं ओझं वाहणारंही तापतं. मग मनोरच्या पुढे कुठेतरी भर दुपारी मोठा आवाज होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, 'टायर फुटल्याने'. जणू टायरने स्वतःहून ठरवलं होतं.

हा धडा अमेरिकेलाही फुकट मिळाला नाही. 2000 साली फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. टायरांचे पापुद्रे सुटून आणि गाड्या उलटून दोनशेहून अधिक माणसं गेली. फोर्डने त्या गाडीसाठी 26 पौंड हवा सांगितली होती, टायरवाले म्हणत होते 30. चार पौंडांवरून दोन कंपन्या कडाकडा भांडल्या. त्यातून कायदा झाला आणि 2007 पासून तिथल्या नव्या मोटारींत हवा कमी झाली की दिवा लागू लागला. पण हा नियम साडेचार टनांपर्यंतच्या गाड्यांना. आमच्या साडूंचं घर त्याहून बरंच जड! म्हणजे ज्या गाडीला दिव्याची सर्वांत जास्त गरज, तिला दिवा नाही. "म्हणून हा," असं म्हणून साडूंनी खिशातून गेज काढलं. लोक परदेशातून सेंट आणतात, आमचे साडू गेज आणतात.

त्यांची पद्धत मी नीट विचारून घेतली. आधी गाडी सामानासकट, टाकीतल्या पाण्यासकट वजनकाट्यावर चढवायची. प्रत्येक आसावरचं वजन निराळं घ्यायचं. मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनासमोर जो आकडा असेल, तेवढी हवा. एका आसाच्या सगळ्या चाकांत सारखी. तपासायची ती पहाटे, गाडी हलवण्याआधी, उन्हाचा कवडसा पडण्याआधी. कारण टायर साडेपाच अंशांनी तापला की दाब दोन टक्के चढतो. तापलेल्या टायरचा आकडा पाहून घाबरून हवा सोडणारा माणूस थंड टायर रिकामा करत असतो. शेवटी टायरचं वय. त्याच्या कडेवर चार आकडी जन्मतारीख कोरलेली असते. 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. वर्षातून दहा महिने उभ्या असणाऱ्या मोटरहोमचा टायर झिजत नाही, पण म्हातारा होतोच. नक्षी कोवळी दिसते आणि आतून रबर पिकलेलं असतं. लग्नाआधी पत्रिका पाहतो, तशी ही पाहावी. इथे मंगळ खरोखरच असू शकतो.

2023 मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मला ते पटलं. गेज किमतीने फार नाही, हवा तर फुकटच, आणि वेळ लागतो चहा उकळेपर्यंतचा. चार पोस्टकार्डांवर सगळं घर बसवून निघायचं, तर त्यांवर खुशालीच राहील एवढं पाहून निघावं.