रंगजुळणीची कुळकथा

चित्रणातील रंगांना संगणकावर हवे ते वळण देण्याची जी विद्या आज 'कलर ग्रेडिंग' या नावाने ओळखली जाते, आणि जी पेडणे-डिचोलीकडील तरुण दशावताराचे प्रयोग, शिगम्यातील घोडेमोडणी अथवा गावची लग्नकार्ये चित्रित करता करता, बहुधा गुरूवाचून, घरच्या घरी शिकू लागले आहेत, ती विद्या संगणकाच्या पोटी जन्मलेली नाही. तिचे कूळ पुष्कळ जुने आहे; आणि त्या कुळाचा मूळ पुरुष कोणी नामांकित कलावंत नसून, चित्रपटाच्या रसायनशाळेतील अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हचा एकेक तुकडा दिव्यासमोर धरून त्याची घनता डोळ्यांनी जोखणारा, श्रेयनामावलीत क्वचितच जागा मिळालेला कारागीर होय.

त्याचे काम वरकरणी साधे होते. एकाच प्रसंगाची दृश्ये कधी सकाळी, कधी ढगाळ दुपारी, कधी दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली असत. ती जशीच्या तशी जोडली तर पडद्यावर उजेड पावलोपावली बदलताना दिसे आणि प्रसंगाची अखंडता भंग पावे. म्हणून निगेटिव्हवरून प्रत काढताना कोणत्या तुकड्याला किती प्रकाश द्यावयाचा हे हा कारागीर मुकर्रर करी. इंग्लंडात या कामाला ग्रेडिंग म्हणत, अमेरिकेत टायमिंग. विषमातून समता आणणे हाच या विद्येचा मूळ धर्म. रंगांची किमया हा नंतर लाभलेला अलंकार आहे, हे शिकणाऱ्याने प्रारंभीच ध्यानात घेतलेले बरे.

रंगांची हौस मात्र चित्रपटाला जन्मापासूनच होती. मेलिएस या फ्रेंच जादूगाराच्या 1902 सालच्या चंद्रयात्रेच्या चित्रपटाच्या काही प्रती पॅरिसमधील बायांनी कुंचल्याने चौकटीमागून चौकट रंगविल्या. पुढे रात्रीचा प्रसंग निळ्या आणि आगीचा तांबड्या द्रावणात बुडवून काढण्याचा प्रघात सर्वत्र पडला. पण ही रंगविलेली चित्रे होती. प्रकाशातूनच रंग उभा करण्याची युक्ती निराळ्या घराण्यातून आली. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1861 साली तांबडा, हिरवा व निळा या तीन गाळण्यांतून घेतलेली छायाचित्रे एकावर एक प्रक्षेपित करून रंगीत फितीची प्रतिमा दाखविली होती, आणि त्याच तत्त्वाचे छपाईतील रूप, म्हणजे त्रिरंगी ठशांचे मुद्रण, विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे येऊन पोहोचले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुद्रणाच्या धंद्यात होते, राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आला होता, आणि रंगीत छपाईसाठी ते 1909 साली जर्मनीला गेले होते. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या आद्य पुरुषाची नजर मुळात रंगांचे पृथक्करण करणाऱ्या मुद्रकाची होती. हाच वारसा निराळ्या वाटेने एका गोमंतकीयाने चालविला. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांची मुखपृष्ठे मराठी घराघरांत पोहोचली ती मूळ चित्राच्या रूपाने नव्हे, तर ठशांवरून कागदावर उतरलेल्या शाईच्या रूपाने. आणि कोणता रंग छपाईत कितपत टिकेल याचे भान ठेवल्याशिवाय त्या माध्यमात कोणाचाही निभाव लागत नसे.

चलच्चित्रात रंग आणण्याचा मराठी चित्रसृष्टीचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे 'प्रभात'चा 1933 सालचा 'सैरंध्री'. दिग्दर्शक व्ही. शांताराम त्यासाठी थेट जर्मनीस गेले, रंगीत प्रती तेथेच तयार झाल्या, परंतु रंग मनाजोगे उतरले नाहीत. त्या अपयशाकडे मी आदराने पाहतो. कारण चित्रीकरण आणि पडदा यांच्यामध्ये रंगांचा हिशेब ठेवणारा एक स्वतंत्र टप्पा असतो आणि तो आपल्या देखरेखीखाली असावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

हा टप्पा खऱ्या अर्थाने स्थिरावला तो 1950 साली ईस्टमन कंपनीची रंगीत निगेटिव्ह बाजारात आल्यानंतर. योगायोग असा की, त्याच वर्षी 24 एप्रिल रोजी 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोंकणी चित्रपट म्हापशाला प्रदर्शित झाला. पण तो कृष्णधवल होता, आणि कोंकणी पडद्यावर रंग यायला 1977 सालचा 'भुयारांतलो मुनिस' उजाडावा लागला. दरम्यान मुंबईत फिल्म सेंटरसारख्या रसायनशाळांतून रंगीत चित्रपटांच्या ग्रेडरांची पिढी तयार झाली होती. त्यांच्या प्रत काढण्याच्या यंत्रात दिव्याचा पांढरा प्रकाश आरशांनी तीन रंगांत फोडला जाई, प्रत्येक रंगाच्या वाटेवर एक झडप असे, आणि ती झडप किती उघडावी याचे 1 पासून 50 पर्यंत अंक ठरलेले असत. प्रत्येक दृश्याचे तीन अंक भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर नोंदविले की यंत्र त्या हुकमाप्रमाणे चाले. यातली खरी अडचण अशी की निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह काढताना व्यवहार उलटा होतो: तांबडा प्रकाश वाढविला की प्रतीतील तांबडेपणा कमी होतो. तेव्हा पडद्यावर नायिकेचा चेहरा तांबूस दिसला की ग्रेडर तांबड्याचा अंक वाढवी, हिरवट दिसला तर हिरव्याचा अंक चढवी, आणि हे सारे मनातल्या मनात. पहिली प्रत पाहायची, तपशील टिपायचा, अंकांत फेरफार करायचा, पुन्हा प्रत काढायची. मात्र या पद्धतीने संपूर्ण चौकटच बदले. आकाश तसेच ठेवून केवळ झाडी निवडावी ही सोय तिच्यात नव्हती.

ती सोय दूरचित्रवाणीच्या दारातून आली. चित्रफितीवरून विद्युत्संकेत बनविणाऱ्या टेलिसिने यंत्राला रंग सुधारण्याची यंत्रणा जोडली गेली, आणि 1980 नंतर अमेरिकेतील फ्लॉरिडात 'दा विंची' या नावाची यंत्रे तयार होऊ लागली. 2000 साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या चित्रपटासाठी छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी मिसिसिपीची हिरवीगार झाडी सुकल्या पिवळ्या रंगात आणली; त्यासाठी संपूर्ण चित्रपट संगणकात उतरविण्यात आला होता. हॉलिवूडमध्ये आख्ख्या चित्रपटावर असा संस्कार प्रथमच झाला. पुढे 2009 साली ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइनने दा विंची कंपनी विकत घेतली आणि 2011 साली तिच्या 'रिझॉल्व्ह' या रंगजुळणीच्या संगणकप्रणालीची एक आवृत्ती विनामूल्य खुली केली. लाखो डॉलरांच्या कारखान्याची किल्ली अशा रीतीने साध्या संगणकधारकाच्या हाती आली. या विद्येच्या इतिहासात याहून मोठी घटना मला दिसत नाही.

आता हे साधन गोव्याच्या नव्या काबिजादीतील पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन तालुक्यांत आले आहे, आणि येथील प्रकाश त्याची कसून परीक्षा घेतो. जांभ्याचे दरडे, खाणींच्या पट्ट्यातील लोहमिश्रित धूळ आणि पावसाळ्यातील गर्द हिरवाई यांमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या गालावर खालून तांबडा आणि बाजूने हिरवा परावर्तित प्रकाश पडत असतो. कॅमेऱ्यावर श्वेतसंतुलनाचा भार टाकला तर चौकटीत तांबडा फार आहे असे समजून तो तांबडा कापतो. जांभा मळकट तपकिरी होतो आणि आकाशाला परकी निळाई चढते. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत तर याहून कठीण प्रसंग: धोंड होमखंडातील निखाऱ्यांवरून चालतात तेव्हा खालून विस्तवाची तांबूस आभा आणि उजाडू लागताच वरून पहाटेचा निळसर उजेड, असे दोन प्रकाश एकाच देहावर येतात. येथे दोन्हींना एका पातळीवर आणणे म्हणजे त्या पहाटेचा अपलाप होय. दशावतारात जुन्या गॅसबत्तीच्या जागी स्वस्त एलईडी दिवे आले आहेत. त्यांत तांबड्या किरणांची उणीव असल्याने राजाच्या तोंडावरचा रंग राखी दिसतो, आणि जो किरण दिव्यातच नव्हता तो संगणकाला पूर्णत्वाने परत आणता येत नाही.

म्हणून शिकण्याचा क्रम जुन्या ग्रेडराचाच ठेवावा: आधी उजेडाची पातळी, मग पांढऱ्याचे संतुलन, मग लगतच्या दृश्यांची जुळणी, आणि शेवटी हवा तो भाव. व्हेक्टरस्कोप नावाच्या तबकडीवर त्वचेच्या रंगासाठी एक रेषा आखलेली असते; गोऱ्या-काळ्या बहुतेक माणसांची त्वचा तिच्या आसपासच येते, कारण वर्ण निराळे असले तरी त्यांतील मूळ छटा फारशी बदलत नाही. ती रेषा ओळखीची झाली की डोळा फसला तरी हात फसत नाही. याउलट, 'लट' (LUT) म्हणजे रंगबदलाच्या आयत्या साच्यांचे गाठोडे उतरवून घेऊन प्रत्येक दृश्यावर एकच नारिंगी-निळा मुलामा चढविण्याची जी रीत फोफावली आहे, ती मला सर्वथा अमान्य आहे. जाहिरातींनी गोव्याला नारिंगी वाळू आणि निळे पाणी एवढ्यापुरते उरविले आहे; त्या मुलाम्याखाली डिचोलीची माती आणि हरमल-मोरजीच्या मागची पेडण्याची शेते एकसारखीच दिसतात.

जे हे काम करीत आहेत त्यांच्याजवळ एक मागणे आहे. जत्रा, दहीकाला, घोडेमोडणी यांचे जे चित्रण कराल त्याच्या मूळ फायली, ग्रेडिंगचा हात न लागलेल्या, वेगळ्या जपून ठेवा. आणि प्रत्येकीसोबत गाव, तिथी, वेळ आणि कोणते दिवे लावले होते एवढी नोंद मराठीत लिहून ठेवा.