एका नकाराची किंमत

राज्ये शत्रूच्या तलवारीने बुडतात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. पोलंडचे राज्य मात्र आधी स्वतःच्याच सभागृहात दुबळे झाले आणि मग शेजाऱ्यांनी ते वाटून घेतले.

तेथे राजा निवडलेला असे. कर आणि सैन्य यांविषयी निर्णय घेणारी सरदारवर्गाची सभा म्हणजे ‘सेयम’. तिचा निर्णय एकमतानेच व्हावा, ही रीत. राजाच्या जुलमाला आळा बसावा, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. परंतु १६५२ साली, कोसॅकांशी युद्ध चालू असतानाच, सिचिन्स्की नावाच्या प्रतिनिधीने सभेची मुदत वाढविण्यास हरकत घेतली. आणि त्या एका हरकतीने अधिवेशनातले सगळेच ठराव रद्द ठरले. अपवादाचा पुढे पायंडा झाला. तिसऱ्या ऑगस्टसच्या कारकीर्दीत, १७३३ ते १७६३ या तीस वर्षांत, एकच अधिवेशन तडीस गेले. आपल्याकडे बाजीरावाच्या उत्तरेतील मोहिमांपासून पानिपतापर्यंतचा हा काळ!

सैन्याचेच पाहा. १७१७ साली त्याची मर्यादा २४ हजार ठरली. शेजारचा प्रशिया आकाराने कितीतरी लहान. तरी १७४० च्या सुमारास त्याची फौज ८० हजारांच्या घरात होती. पोलंडच्या पुढाऱ्यांना हे दिसत नव्हते, असे नाही. १७४४ व १७४८ साली सैन्यवाढीचा प्रश्न सभेपुढे आला. दोन्ही वेळा वाद लांबले, मुदत सरली आणि सभा ठरावाविना उठली. प्रतिनिधींत परकीय पैसा खेळत होता, आणि पोलंडचे हे ‘स्वातंत्र्य’ अबाधित राखण्याचा करार रशिया व प्रशिया यांनी १७२० सालीच केला होता. शेजारच्या दाराला कडी नसावी, याची काळजी चोराने वाहावी, तसा हा प्रकार!

१७७२ साली तीन शेजाऱ्यांनी पहिला लचका तोडला, तेव्हा डोळे उघडले. १७८८ साली सभेने एक लाख सैन्याचा ठराव केला. पण पुरेसा कर जमेना. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने एकट्याच्या नकाराचा अधिकार रद्द केला. वर्षभरातच रशियाचे सैन्य सरहद्द ओलांडून आले. पोल शौर्याने लढले. पण शौर्याने गेलेला वेळ भरून निघत नाही. १७९५ साली राज्य नकाशावरून पुसले गेले, ते १९१८ पर्यंत.

यावरून लोकसभेपेक्षा एकाधिकारशाही बरी, असे कोणी म्हणू नये. रोग सभेत शिरला होता, तसे त्यावरील औषधही सभेनेच शोधले. फक्त फार उशिरा. विरोध हा निर्णय शहाणपणाचा व्हावा म्हणून असतो, निर्णयच होऊ नये म्हणून नव्हे. सभागृहातली वर्षे आपण मोजत नसलो, तरी सरहद्दीपलीकडचा शेजारी ती मोजत असतो.