माजी सैनिक-विद्यार्थी आणि अमेरिकी महाविद्यालये

सैन्यातील सेवा संपवून पदवीच्या शिक्षणासाठी महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या व्यक्तीस माजी सैनिक-विद्यार्थी म्हणतात. मराठीत ‘माजी सैनिक’ म्हटले की पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून निवृत्तिवेतनावर गावी परतलेला, चाळिशीकडे झुकलेला संसारी माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत मात्र काही वर्षांच्या करारावर भरती होऊन पंचविशीच्या आसपास गणवेश उतरवणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे सैन्यातून थेट वर्गात येणे ही तेथे रुळलेली वाट आहे. या विद्यार्थ्यांकडे महाविद्यालयांनी पाहण्याची दृष्टी गेल्या ऐंशी वर्षांत वारंवार बदलली असून, त्या बदलांचा संबंध विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेपेक्षा त्या त्या युद्धाविषयीच्या लोकमताशी आणि शिक्षणशुल्काचा पैसा कोणत्या मार्गाने येतो याच्याशी अधिक आहे.

या इतिहासाचा आरंभ २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी स्वाक्षरी केलेल्या सैनिक पुनर्वसन कायद्याने होतो. ‘जी. आय.’ हे अमेरिकी सैनिकाचे टोपणनाव असल्याने हा कायदा ‘जी. आय. बिल’ या नावानेच ओळखला जातो. पहिल्या महायुद्धातील सैनिकांनी आपल्या भत्त्यासाठी १९३२ मध्ये वॉशिंग्टनला तळ ठोकला होता आणि त्यांना सैन्य लावून हुसकावण्यात आले होते. ती आठवण ताजी असताना लाखो सैनिक एकाच वेळी बेकार होऊन परततील, ही भीती कायद्यामागे होती. किमान ९० दिवसांची सेवा झालेल्या सैनिकास सेवेच्या काळानुसार जास्तीत जास्त ४८ महिन्यांचे शिक्षण, वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क व पुस्तके, आणि निर्वाहासाठी अविवाहितास दरमहा ५० व कुटुंब असणाऱ्यास ७५ डॉलर अशी तरतूद त्यात होती. म्हणजेच मुळात हा रोजगाराच्या चिंतेतून निघालेला उपाय होता. उच्च शिक्षणाचे रूप तो पालटून टाकील, अशी अपेक्षा फार थोड्यांची होती.

महाविद्यालयांच्या धुरीणांनी या कायद्याचे स्वागत साशंकतेने केले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी डिसेंबर १९४४ मध्ये ‘कोलियर्स’ साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात, शुल्काच्या लोभाने महाविद्यालये वाटेल त्याला प्रवेश देतील आणि विद्यापीठे भटक्या बेकारांची आश्रयस्थाने होतील, असा इशारा दिला. उच्च शिक्षणाचा खरा लाभ कोणाला घेता येईल याची निवड कायदा करीत नाही, ही हार्व्हर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांची तक्रार होती. दोघेही विद्वान व शिक्षणाविषयी तळमळ असणारे होते, आणि हचिन्स यांनी सांगितलेला लोभाचा धोका पुढे खराही ठरला. परंतु विद्यार्थ्यांविषयीचा त्यांचा अंदाज साफ चुकला. १९४७ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते, आणि त्यांनी अभ्यासात तरुण सहाध्यायांना मागे टाकल्याचा अनुभव जागोजागी आला. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, सारखी क्षमता असणाऱ्या विद्यार्थ्यांत माजी सैनिकांचे गुण किंचित सरस आढळले. हार्व्हर्डला लाभलेल्या विद्यार्थ्यांत हे सर्वांत प्रगल्भ असल्याची कबुली स्वतः कोनंट यांनीच दिली.

या पिढीने महाविद्यालयाचा दिनक्रमच बदलला. विवाहित विद्यार्थी ही तोवर अपवादात्मक गोष्ट होती आणि काही संस्थांत त्यावर बंदीही होती. आता पत्नी-मुलांसह येणाऱ्यांसाठी अर्धगोल पत्र्याच्या लष्करी झोपड्या, जुन्या बराकी व फिरती घरे यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाने दारूगोळ्याच्या कारखान्याजवळची कामगारवस्ती विद्यार्थी-कुटुंबांसाठी घेतली, तर इलिनॉय विद्यापीठाने १९४६ मध्ये शिकागोच्या नेव्ही पिअर या धक्क्यावर वर्ग सुरू केले. नवागतांनी विशिष्ट टोपी घालावी, वरिष्ठांची थट्टा सोसावी, हे रिवाज रणांगण पाहिलेल्या माणसांनी सरळ नाकारले. कोलंबिया विद्यापीठाने प्रौढ विद्यार्थ्यांसाठी १९४७ मध्ये ‘स्कूल ऑफ जनरल स्टडीज’ स्थापन केले. माजी सैनिकांना वेगळ्या कोपऱ्यात न बसवता त्यांच्या वयाला साजेशी रचना उभी करणारी ही संस्था आजही कार्यरत आहे. १९५६ मध्ये योजना संपली तेव्हा सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले होते आणि त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले होते.

या यशोगाथेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता, पण अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होती आणि दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंदच होते. त्यामुळे कृष्णवर्णीय सैनिकांचा सारा भार त्यांच्यासाठी असलेल्या मोजक्या, निधीअभावी आधीच गांजलेल्या महाविद्यालयांवर पडला, आणि जागा नाही म्हणून हजारोंना परतावे लागले. परतलेल्या पुरुषांना सामावून घेण्यासाठी अनेक सहशिक्षण संस्थांनी मुलींचे प्रवेश कमी केले. एकाच देशासाठी लढलेल्यांना अशी वेगवेगळी वागणूक मिळणे हा केवळ काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांच्या शिक्षणावर व मिळकतीवर झाले.

माजी सैनिकांच्या नावावर जादा शुल्क उकळल्याचे काँग्रेसच्या चौकशीत आढळल्यावर, कोरियातील युद्धाच्या काळात झालेल्या १९५२ च्या कायद्याने रक्कम संस्थेला न देता विद्यार्थ्याच्याच हाती द्यायचे ठरवले. व्हिएतनामहून परतणाऱ्यांसाठी १९६६ मध्ये नवा कायदा झाला, पण सुरुवातीस अविवाहितास दरमहा मिळणाऱ्या १०० डॉलरमध्ये शुल्क व निर्वाह दोन्ही भागवायचे होते. शिवाय युद्धविरोधी चळवळीचे केंद्र महाविद्यालयेच असल्याने अनेक सैनिक-विद्यार्थी आपली पूर्वओळख लपवीत. इतर अनेकांनी युद्धविरोधी मोर्चांत स्वतः भाग घेतला. १९७२ नंतर संघराज्याच्या अनुदानातून महाविद्यालयांत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र कार्यालये निघाली, आणि आजच्या मदतकेंद्रांचे मूळ तेथे सापडते.

सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबल्यानंतर प्राध्यापक, विद्यार्थी आणि सैनिक यांच्यातील सामाजिक अंतर वाढले. १९४७ च्या वर्गात दर दुसरा विद्यार्थी युद्धावरून आलेला असे. इराक-अफगाणिस्तान युद्धांनंतर तो वर्गातला एकटाच असू शकतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर सेवा केलेल्यांसाठी २००८ मध्ये संमत व १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालेल्या कायद्याने राज्यातील शासकीय विद्यापीठाचे पूर्ण शुल्क व घरभाडे दिले जाऊ लागले, आणि ‘यलो रिबन’ योजनेत खासगी संस्थेने सोसलेल्या शुल्काइतकीच रक्कम शासन भरू लागले. मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना आपल्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग संघराज्याच्या विद्यार्थी-अनुदानातून घेण्यास मनाई करणाऱ्या नियमात सैनिकांचे अनुदान बराच काळ मोजलेच जात नसे. परिणामी माजी सैनिक हे अशा संस्थांचे आवडते गिऱ्हाईक झाले. ही पळवाट २०२१ च्या कायद्याने बुजवली.

आजच्या महाविद्यालयांत उघड वैर क्वचितच आढळते, पण सद्भावनेतही साचे असतात. कोणी सैनिकाला वीर मानून त्याच्याशी मोकळे बोलण्याचे टाळते, कोणी युद्धजन्य मानसिक आघाताचा रुग्ण समजून जपून वागते, तर कोणी भर वर्गात त्याच्याकडून युद्धाविषयी मत मागते. आघाताने पीडित असलेल्यांना उपचार व सवलती मिळाल्याच पाहिजेत. मात्र प्रत्येकाला आघातग्रस्त गृहीत धरल्याने त्याची शिस्त, तांत्रिक कौशल्य आणि जबाबदारी पेलण्याचा अनुभव नजरेआड होतो. ही उणीव श्रेयांकांच्या, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या अध्ययनघटकांच्या, व्यवहारात ठळकपणे दिसते. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था दुसऱ्या महायुद्धापासून लष्करी प्रशिक्षणाचे शैक्षणिक मोल ठरवून शिफारशी करते, परंतु त्या स्वीकारणे प्रत्येक महाविद्यालयाच्या मर्जीवर असते. पुष्कळदा हे श्रेयांक ऐच्छिक विषयांच्या रकान्यात जमा होतात आणि मुख्य विषयाची अट तशीच उरते, त्यामुळे जखमींवर रणभूमीत उपचार केलेल्या सैनिकाला शुश्रूषेच्या पदवीसाठी प्राथमिक पाठांपासूनच सुरुवात करावी लागू शकते.

भारतात २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे, चार वर्षांच्या सेवेनंतर ऐन तारुण्यात सैन्य सोडणारा वर्ग प्रथमच मोठ्या संख्येने निर्माण होत आहे. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सेवाकाळातील प्रशिक्षणाचे धरले जातात, म्हणजे लष्करी शिक्षण येथे पदवीच्या गाभ्यातच मोजले गेले आहे. नेहमीच्या महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या अग्निवीराचे हे प्रशिक्षण कसे मोजायचे, हा प्रश्न आता सातारा-कोल्हापूरसारख्या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांसमोरही येणार आहे.