लाकडी चेंडूंची भोके

रेणूंची रचना शिकवताना चेंडू-काड्यांच्या प्रतिकृती आपण वापरतो आणि तास संपला की कपाटात ठेवतो. अशाच एका प्रतिकृतीतून रसायनशास्त्राची एक नवी शाखा निघाली, त्याची ही गोष्ट.

१९७४ साल. मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांना पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी लाकडी प्रतिकृती करायच्या होत्या. चेंडूंना भोके पाडण्याचे काम विद्यापीठाच्या कार्यशाळेकडे होते. पण भोके कुठेही पाडून चालणार नव्हते. कार्बनचे बंध ठरावीक कोनांतच असतात, म्हणून रॉबसननी चेंडूंवर जागा आखून दिल्या. तयार चेंडू जोडताना त्यांच्या लक्षात आले, की भोके बरोबर असली की रेणूचा आकार आपोआपच बरोबर येतो. सगळी माहिती भोकांच्या जागांत आहे!

मग चेंडूऐवजी धातूचा आयन आणि काडीऐवजी कार्बनी रेणू घेतला तर? दरवर्षी शिकवायला प्रतिकृती बाहेर काढल्या, की हा विचार पुन्हा डोके वर काढी. प्रत्यक्ष प्रयोग व्हायला दहाहून अधिक वर्षे गेली.

नमुना म्हणून त्यांनी हिरा घेतला. हिऱ्यातला प्रत्येक कार्बन अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांच्या दिशांनी चार शेजाऱ्यांना जोडलेला असतो. एक धनभार असलेला तांब्याचा आयनही त्याच दिशांनी चार बंध करतो. त्याच्या जोडीला रॉबसननी चार हातांचा रेणू निवडला. प्रत्येक हाताच्या टोकाशी तांब्याला धरणारा नायट्रोजन होता. द्रावणात दोन्ही एकत्र केल्यावर नुसता गुंता होईल, असेच कुणालाही वाटले असते. पण असा बंध चुकीचा जुळला तर सुटून पुन्हा जुळू शकतो. मिळाले ते हिऱ्याच्या मांडणीचे, आत मोठ्या पोकळ्या असलेले स्फटिक. १९८९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

ही रचना नाजूक होती, सहज ढासळे. १९९७ मध्ये जपानच्या सुसुमु कितागावांनी वायू आत घेणारी आणि सोडणारी चौकट दाखवली. १९९९ मध्ये अमेरिकेत ओमर याघींनी केलेली चौकट तर रिकामी असताना ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवूनही टिकली. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

पुढच्या वेळी वर्गात तयार प्रतिकृती नेऊ नका. शाडूचे गोळे आणि खराट्याच्या काड्या द्या. मुलांना जोडू द्या आणि मग विचारा: हा आकार कुणी ठरवला?