भोवरा बघा, पण आधी खूर बघा

आज केळी आणि भाजीच्या नोंदी बाजूला ठेवून घोड्याविषयी लिहितोय. कारण घडलं तसंच.

गेल्या आठवड्यात भाच्याने मोबाईलवर एका शिंगराचे सात फोटो पाठवले. त्याची अर्नाळ्याच्या बाजूला वाडी आहे. शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना फिरवायला घोडागाडी ठेवायचं त्याच्या मनात आहे. शिंगरू अडीच वर्षांचं, कुमेत रंगाचं, जाड हाडाचं. विकणारा म्हणतो, मोठ्या जातीचा क्रॉस आहे, ओढकामाला एक नंबर. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, गळ्यावर देवमण आहे. घेऊन टाकू का?"

सातपैकी चार फोटो तोंडाचे, दोन गळ्यावरच्या भोवऱ्याचे आणि एक बाजूने काढलेला. त्यातही पाय गवतात बुडालेले. खुराचा एकही फोटो नाही. मला आमच्या आप्पांचा घोडा आठवला.

१८६७ साली विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, पण स्टेशन एकीकडे आणि वसई गाव दुसरीकडे, मध्ये पाच-सहा किलोमीटर. ते अंतर वर्षानुवर्षं घोड्यांनीच तोडलं. माझ्या लहानपणी स्टेशनबाहेर टांगे रांगेत उभे असायचे. आप्पांचीही एक घोडागाडी होती, पहाटे भाजी आणि केळी स्टेशनवर नेण्यासाठी. जुना घोडा थकला तेव्हा आप्पांनी घाटावरच्या एका बाजारातून तीन वर्षांचा नवा घोडा आणला. केळीचे पैसे कमी पडले म्हणून आईच्या दोन बांगड्या मोडल्या. घोड्याच्या गळ्यावर स्वच्छ देवमण होता. देवमण असला की बाकीच्या खोडी झाकतात, असं सगळेच म्हणायचे. घोडा दारात आला तेव्हा आईने त्याला ओवाळलं.

पहिल्याच पावसाळ्यात तो पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. नालबंदाने पाय उचलून बघितला आणि म्हणाला, "हे खूर दुसऱ्यापेक्षा अरुंद आहे, आणि आतून सडलंय. घेताना पाय उचलला नव्हता का?" आप्पा काहीच बोलले नाहीत. दोन वर्षांत घोडा पडत्या भावाने गेला. आप्पांनी परत घोडा घेतला नाही, आणि मी दहावीनंतर वाडीत उतरलो.

पुढे मला प्रश्न पडायचा, की भोवऱ्याचं हे खूळ आलं कुठून? जमेल तसं वाचत गेलो.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता लिहिली. तिच्यात घोड्याच्या लक्षणांचा एक छोटासा अध्याय आहे. भोवरे त्यात आहेतच, कुठला शुभ, कुठला अशुभ. दातांवरून वय ओळखणंही आहे. पण सुरुवात होते ती अंगापासून. मान, छाती, खूर, चाल आधी आणि भोवरे नंतर. आपण तो क्रम उलटा करून ठेवला.

भोवरे आणि रंग यांचा एक उपयोग मात्र अगदी खरा होता. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास सैन्यातल्या घोड्यांना डाग द्यायची आणि त्यांचा 'चेहरा' लिहून ठेवायची पद्धत लावली. चेहरा म्हणजे घोड्याचं वर्णन. कारण सरदार हजेरीला चांगला घोडा दाखवायचे आणि नंतर भलतंच तट्टू पुढे करायचे. डाग आणि वर्णन असलं की अदलाबदल पकडता येते. आज गाईम्हशीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतात, तसंच ते. परदेशात आजही घोड्याच्या पासपोर्टवर त्याचे भोवरे खुणा करून नोंदवतात. म्हणजे भोवरा ही घोड्याची ओळख झाली. पण घोडा किती ओढेल हे त्यावरून कळत नाही. माझ्या मते आपण ओळखीच्या खुणेचं नशीब करून टाकलं.

गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर धंदा चालतो, हेही जुनंच. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो आपल्या किनाऱ्यावरून गेला. ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीत मिळणारे घोडे राजाचे आणि बाकी माल त्यांचा, असं त्याने लिहून ठेवलंय. इतकी इकडे घोड्याची टंचाई. तमिळ किनाऱ्याबद्दल तर तो सांगतो की तिथे समुद्रमार्गे आणलेले घोडे भराभर मरायचे, कारण त्यांची निगा कुणाला माहीत नव्हती. आणि व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले की नवे विकता येतात ना! हे वाचलं तेव्हा आप्पांचा घाटावरचा बाजार डोळ्यांसमोर आला.

आता या 'मोठ्या जातीच्या क्रॉस'चं बघू. आपल्याकडे इंग्रजांच्या शायर किंवा क्लाइड्सडेलसारखी अवजड ओढकामाची जात कधी नव्हती. नांगराला आणि गाड्याला बैल होते. इंग्रजांना तोफा ओढायला घोडे लागले तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समधून घोडे आणले, म्हणून त्यांना वेलर म्हणायचे. त्यात अरबी, इंग्रजी शर्यतीचं आणि ओढकामाचं असं सगळं रक्त मिसळलेलं. मुंबईत ९ मे १८७४ ला ट्राम सुरू झाली तीही घोड्यांचीच, आणि पुढे बरीच वर्षं ती घोड्यांनीच ओढली. ट्रामला आणि तोफेला घोडा कशावर निवडायचा? रोज कडक रस्त्यावर पाय टिकतील का, यावरच.

म्हणून भाच्याला जे लिहून पाठवलं तेच इथे देतो. हे कोवळ्या घोड्याविषयी आहे.

१) वय दातांवरून बघा. समोरची मधली जोडी साधारण अडीच वर्षांला बदलते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं.

२) कोवळ्या घोड्याचा पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच दिसू शकतो, वाढ टप्प्याटप्प्याने होते. त्यामुळे उंचीवर भाळू नका. पाय वाकडा असेल तर मात्र या वयानंतर तो सरळ होईल अशी आशा धरू नका.

३) समोर उभे राहा. खांद्याच्या टोकातून ओळंबा सोडला तर तो गुडघा, नळी आणि खूर यांच्या मधोमध यायला हवा. मागून बघताना मागचे दोन्ही पाय तसेच सरळ हवेत.

४) ओढकामाला छाती रुंद, पाठ आखूड आणि भक्कम, पुठ्ठा भरलेला हवा. नळी जाड हवी, पण सूज म्हणजे जाडी नव्हे. हात फिरवला की हाड घट्ट आणि गार लागलं पाहिजे.

५) चारही खुरं उचलून बघा. जोडीतली दोन खुरं सारखी हवीत. तळाला वास येत असेल तर सडकं आहे. आपल्याकडे चार महिने चिखल असतो, तिथे हे वाढतंच.

६) कडक रस्त्यावर दुडकी चालवा. पुढचा दुखरा पाय टेकला की घोडं डोकं वर करतं, चांगला पाय टेकला की खाली. गवतावर हे लपतं.

७) ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो.

८) घेतलं तरी चार वर्षांच्या आत भरलेल्या गाडीला जुंपू नका. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते.

भाच्याने विकणाऱ्याकडे खुरांचे फोटो मागितले. उत्तर आलं, "घोडा बघायला या, फोटोत काय कळतं?" ते मात्र त्याचं खरंच आहे. रविवारी आम्ही दोघं जातोय, जनावरांच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन. देवमणही बघीन, आप्पांची आठवण म्हणून. पण आधी वाकून डावा पाय उचलीन.

तुमच्या घरी टांगा किंवा घोडागाडी होती का? घोडा काय बघून घेतला होता, आणि पुढे कसा निघाला? खाली जरूर लिहा.