कुंटा किंते बेट : गुलामगिरीचा साक्षीदार पाण्यात विरघळतोय

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया नदीच्या पात्रात, मुखापासून सुमारे ३० किलोमीटर आत, एक छोटेसे बेट आहे. त्याचे जुने नाव जेम्स आयलंड. २०११ मध्ये गांबियाने ते बदलून कुंटा किंते बेट असे ठेवले. अ‍ॅलेक्स हेली यांच्या 'रूट्स' (१९७६) या गाजलेल्या पुस्तकाचा नायक कुंटा किंते हा याच परिसरातील जुफुरे गावचा. त्याला पकडून गुलाम म्हणून अमेरिकेला नेले गेले, असे हेली यांनी लिहिले आहे.

इतिहास

१६५१ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील कुरलँड या छोट्या राज्याने येथे किल्ला बांधला. १६६१ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. पुढे इंग्रज आणि फ्रेंच यांच्या लढायांत तो अनेकदा पडला आणि पुन्हा उभा राहिला. सोने आणि हस्तिदंताबरोबर येथून माणसांचाही व्यापार झाला. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली. त्यानंतर तो व्यापार रोखण्यासाठी नदीच्या मुखाशी बांजुल येथे तोफांचा मोर्चा आणि बारा येथे फोर्ट बुलेन उभारले गेले. गुलामांच्या व्यापाराची सुरुवात आणि शेवट, दोन्हींच्या खुणा एकाच नदीवर आहेत. म्हणूनच २००३ मध्ये युनेस्कोने हे बेट आणि संबंधित ठिकाणे जागतिक वारसा यादीत घेतली.

धोका

किल्ला वापरात असताना बेटाचे जे क्षेत्रफळ होते, त्याचा जेमतेम सहावा हिस्सा आज उरला आहे. बेट सखल आहे. भरती आणि वादळाच्या वेळी लाटा थेट भिंतींवर आदळतात. अवशेषांची डागडुजी झाली, संरक्षक भिंतही बांधली गेली. पण समुद्राची पातळी वाढतेच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील २८४ वारसास्थळांपैकी ५६ स्थळांना शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराचा आजच धोका आहे. २०५० पर्यंत ही संख्या तिपटीहून अधिक होऊ शकते.

आपल्यासाठी अर्थ

नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष धरणाच्या पाण्याखाली जाणार हे आधी ठाऊक होते. त्यामुळे उत्खनन झाले आणि काही वास्तू टेकडीवर हलवता आल्या. ती टेकडी आज बेट आहे. कुंटा किंते बेट मात्र हलवता येणार नाही, कारण माणसांना जिथे कोंडले ती जागाच तिथला पुरावा आहे.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून लिहिले. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र पाठवून, संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. दडपलेल्यांचा इतिहास बहुधा दडपणाऱ्यांच्या कागदपत्रांतून वाचावा लागतो. अशा वेळी उरलेला प्रत्येक दगड साक्ष देतो. म्हणून हवामान बदलाचा प्रश्न हा आपल्या स्मृतीचाही प्रश्न आहे.