उजवे हृदय व फुप्फुसीय उच्चदाब, हृदयनिष्फलतेतील

डावे हृदय अधू झाले की फुप्फुसांकडून येणारे रक्त मागे तुंबते, फुप्फुस रोहिणीतील दाब चढतो आणि अखेर उजवे निलय थकते. फुप्फुसीय उच्चदाबाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. विश्रांतीत या रोहिणीतील सरासरी दाब २० मिमी. पाऱ्याच्या वर गेला की तो उच्चदाब मानतात. २०१८ पूर्वी ही मर्यादा २५ होती.

उजव्या निलयाची भिंत पातळ. जादा रक्त ते सामावून घेते. जादा दाब त्याला पेलवत नाही. ते फुगते, त्रिदली झडप गळू लागते, मानेच्या नीला ठळक दिसतात, यकृत वाढते. नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी खळगा लगेच भरत नाही. हृदयाच्या ध्वनिलहरी तपासणीत, म्हणजे इकोमध्ये, त्रिदली झडपेच्या कड्याची हालचाल १७ मिमी.हून कमी भरली, तर उजवे निलय दुबळे समजतात. अशा रुग्णाचे भवितव्य बिकट असते, मग डाव्या निलयाची पंपक्षमता कितीही असो.

नागपुरात हा विषय सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारामुळे अधिक गुंतागुंतीचा होतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली आला. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या तेथील शासकीय रुग्णालयांत विदर्भभरातून येणाऱ्या रुग्णांत हा आजार नवा नाही. त्यात फुटलेल्या तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड संपवते आणि फुप्फुसातील वाहिन्या आकसतात. शिवाय वर्षानुवर्षांच्या रक्तक्षयाने डावे निलय मोठे व ताठर होते. म्हणजे एकाच रुग्णात दाब दोन्हीकडून येऊ शकतो. प्रौढ सिकलसेल रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत इकोवर फुप्फुसीय उच्चदाबाचा संशय येतो. कॅथेटर तपासणीत एकूण प्रौढ रुग्णांपैकी जेमतेम ६ ते १० टक्क्यांत तो खरा ठरतो, आणि त्यांतल्याही जवळपास निम्म्यांत मूळ डाव्या हृदयात निघते. इकोच्या कागदावरचा आकडा हा अंदाज आहे. त्यावरून औषध सुरू करणे घाईचे.

निवाडा उजव्या हृदयाच्या कॅथेटर तपासणीतच होतो. या तपासणीची वाट दाखवणारे जर्मन डॉक्टर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या नीलेतून नळी हृदयापर्यंत नेली होती. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नळी फुप्फुसातील बारीक फाट्यात अडकवून मोजलेला दाब १५ मिमी. पाऱ्याच्या वर असेल, तर दोष डाव्या बाजूचा.

उपचारही मग डाव्या हृदयावरच : सूज उतरवणारी मूत्रल औषधे, हृदयनिष्फलतेची नेहमीची औषधे, झडपेची दुरुस्ती. फुप्फुसातील वाहिन्या सैल करणारे सिल्डेनाफिल येथे सरसकट देऊ नये. सिकलसेल रुग्णांवरील त्याची मोठी चाचणी वेदनेचे झटके वाढल्याने २००९ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.